कडाक्याची थंडी पडली म्हणून टोर्नेडोचा मोसम उशिरा सुरू होतो का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिलला शिकते. यंदा जानेवारीत तिकडे थंडीची लाट आली, नळ गोठले, आठवडाभर वर्ग ऑनलाइन झाले. आता तिची घरमालकीण म्हणते, "एवढी थंडी पडली ना, मग यंदा टोर्नेडो उशिरा आणि कमी. आमचा अनुभव आहे." वर्गातल्या एका मुलाचं म्हणणं बरोबर उलटं: थंडी जास्त म्हणजे थंड-गरम हवेची टक्कर जास्त, म्हणजे टोर्नेडोही जास्त. दोघांतलं खरं कोणाचं? आणि मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते, तर तिने काय करावं?

ताई, मी बावीस वर्षं टेक्सासमध्ये हवामानाचे अंदाज देतो, मुख्यतः वीज आणि विमा क्षेत्रातल्या ग्राहकांसाठी. दर फेब्रुवारीत हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. थोडक्यात सांगायचं तर घरमालकीणबाईंचं म्हणणं आठ-दहा दिवसांपुरतं नक्की खरं, कधीकधी तीन-चार आठवड्यांपुरतंही. वर्गातल्या मुलाचं अर्धं खरं. आणि मार्च-एप्रिल कसे जातील, हे जानेवारीतल्या थंडीवरून दोघांनाही सांगता येणार नाही. थंडी किती कडक होती याला फारसं महत्त्व नाही. ती नेमकी कुठे ठाण मांडून बसली आणि ती सरकल्यावर वारा कुठून यायला लागला, हे बघायचं.

आधी शब्दाचा एक घोळ निस्तरतो. मराठी बातम्यांत टोर्नेडोला सर्रास 'चक्रीवादळ' म्हणतात आणि इकडे मुलं असलेल्या आई-वडिलांची झोप उडते. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि चार-पाच दिवस आधीपासून उपग्रहाला दिसत असतं. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीला टेकतो, बहुतेक वेळा काही शे मीटर रुंद असतो आणि इशारा आल्यावर हातात मिनिटं उरतात. म्हणून टोर्नेडोच्या बाबतीत आम्ही 'वादळ कधी येणार' असं न विचारता 'वादळाला लागणारं साहित्य कुठल्या दिवशी जमतंय' असं विचारतो.

ते साहित्य चार प्रकारचं. खाली दमट हवा, वर तुलनेने थंड हवा म्हणजे अस्थिरता, हवेला वर ढकलणारं काहीतरी (बहुधा एखादा फ्रंट, म्हणजे थंड आणि उबदार हवेमधली सीमा) आणि शिअर. शिअर म्हणजे जमिनीवर वारा आग्नेयेकडून, दीड किलोमीटरवर दक्षिणेकडून आणि पाच-सहा किलोमीटरवर नैर्ऋत्येकडून कितीतरी जास्त वेगाने. उंचीबरोबर वाऱ्याची दिशा आणि वेग असा बदलला, की वर चढणारी हवा पिळली जाते आणि ढगच फिरायला लागतो.

वर्गातल्या मुलाचं अर्धं खरं आहे ते इथे. उत्तरेला कडक थंडी आणि दक्षिणेला उबदार समुद्र असला, की दोघांच्या मधोमध वरचा जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) जोर धरतो आणि शिअर वाढतो. पण शिअर हिवाळ्यात असतोच, हवा त्याहून जास्त असतो. जानेवारीत अलाबामाच्या डोक्यावरून जाणारा वारा मे महिन्यातल्या ओक्लाहोमापेक्षा बहुधा जोरदार असतो. तुटवडा असतो तो दमट हवेचा. चूल ढणढणा पेटलेली, पण पातेल्यात दूधच नाही. त्यात आणखी लाकडं घातली म्हणून दूध उतू जाणार आहे थोडंच? 'टक्कर' म्हणणारे नेमकं हे विसरतात. हिवाळाभर दर चार-पाच दिवसांनी एक थंड फ्रंट दक्षिणेत उतरतो आणि त्यातले बहुतेक नुसता पाऊस पाडून, कित्येकदा तोही न पाडता निघून जातात.

म्हणून खरा प्रश्न दुधाचा, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताचा.

थंडीची लाट आखातावर पोचते तेव्हा काय होतं, ते उपग्रहाच्या चित्रात फार सुंदर दिसतं. शून्याच्या आसपासची कोरडी हवा वीस-बावीस अंशांच्या पाण्यावर उतरते आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर ढगांच्या बारीक समांतर रेघा उमटायला लागतात, कंगव्याने ओढल्यासारख्या. ती हवा पाण्यातली ऊब आणि बाष्प दोन्ही उपसत चाललेली असते, चौरस मीटरमागे कित्येकशे वॅट या दराने. जोवर वारा उत्तरेचा, तोवर हे सगळं बाष्प मेक्सिकोतल्या युकातानकडे जातं आणि अलाबामाच्या वाट्याला काहीच येत नाही. हंट्सव्हिलमध्ये दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते; जितका जास्त तितकी हवा दमट) उणे दहाला असतो, ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. असल्या हवेत टोर्नेडो होत नाही. घरमालकीणबाईंचं पहिलं वाक्य इथपर्यंत शंभर टक्के बरोबर.

मग त्या थंड, जड हवेचा उच्च दाबाचा ढीग पूर्वेकडे सरकतो आणि वारा फिरतो. आपल्याकडे परतीचा पाऊस असतो ना, तसा आखातावर परतीचा वारा असतो. 1988 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या एकाच गोष्टीसाठी विमानं, फुगे आणि जहाजं घेऊन आखातावर मोठी मोहीम झाली होती. तेव्हापासून एवढं पक्कं कळलं आहे, की परत येणारी हवा किती दमट असेल ते ती पाण्यावर किती दिवस राहिली आणि कुठल्या पाण्यावरून फिरली यावर ठरतं.

आखाताचं पाणी सगळीकडे सारखं नाही. टेक्सास-लुईझियानाच्या किनाऱ्यालगत शे-दोनशे किलोमीटर उथळ पट्टा आहे. उथळ पाण्यात उष्णतेचा साठा थोडा, त्यामुळे एका लाटेत ते चांगलंच गारठतं. त्यापलीकडे खोल पाणी, आणि त्यात कॅरिबियनकडून येणारा उबदार लूप प्रवाह, तो ऐन फेब्रुवारीतही पंचवीस अंशांच्या आसपास असतो. चार दिवसांच्या थंडीने त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. उच्च दाबाचा केंद्रबिंदू आखातावरच रेंगाळला, तर वारा त्या उथळ गार पट्ट्यावरच घुटमळून परत फिरतो आणि अलाबामात पोचेपर्यंत दवबिंदू दहा-अकराच्या पुढे जात नाही. तेवढा ओलावाही उथळ असतो, दुपारचं ऊन लागलं की वरची कोरडी हवा त्यात मिसळते आणि तो गायब. पण तोच केंद्रबिंदू कॅरोलायनांकडे, अटलांटिकवर सरकला, तर वारा थेट पश्चिम कॅरिबियनकडून लांबचा वळसा घेऊन येतो आणि तीन-चार दिवसांत दवबिंदू सतरा-अठरावर नेऊन ठेवतो. थंडी तीच, लाट तीच. फरक फक्त तो ढीग कुठे जाऊन बसला याचा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये संगणकाची मॉडेलंही यात फसतात. परतीच्या वाऱ्याचा दमटपणा ती पुष्कळदा दोन-तीन अंशांनी जास्त दाखवतात. त्यामुळे असल्या दिवशी माझं पहिलं काम म्हणजे ब्राउन्सव्हिल, कॉर्पस क्रिस्टी, लेक चार्ल्स, स्लाइडेल इथे पहाटे सोडलेल्या फुग्यांची निरीक्षणं उघडून ओलावा किती उंचीपर्यंत आहे ते बघणं. जमिनीवरचा दवबिंदू सोळा आहे म्हणून हुरळून जायचं नाही. तो सोळा तीनशे मीटरपर्यंत आहे की दीड किलोमीटरपर्यंत, यावर दिवस ठरतो.

घरबसल्याही हे समजतं. लाट ओसरल्यावर एखाद्या सकाळी माझ्या गॅरेजची काँक्रीटची जमीन ओलीचिंब असते, कोणी बादली उलथल्यासारखी. पाइप फुटला की काय म्हणून पहिल्या वर्षी मी प्लंबरला बोलावलं होतं, तो हसून गेला. थंडीत आतपर्यंत गारठलेल्या काँक्रीटवर आखाताची दमट हवा येऊन टेकलेली असते, एवढंच. मुंबई-कोकणात वाढलेल्या माणसाला ती हवा दार उघडल्याबरोबर कातडीवर ओळखू येते. गॅल्व्हेस्टनला याच दिवसांत समुद्रावरून दाट धुकं येतं, तेही याच कारणाने: गार उथळ पाणी आणि वर दमट हवा. ते धुकं दिसलं की मी समजतो, दूध आलंय पण अजून थंड आहे. खालची हवा जड आणि शांत आहे, ढग जमिनीशी जोडले जायला अजून वेळ आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातूनच नीट कळलं.

2021 चा फेब्रुवारी. 16 तारखेला डॅलसच्या विमानतळावर उणे 19 अंश, ओक्लाहोमा सिटीत उणे 25 च्या खाली. टेक्सासची वीजव्यवस्था कोलमडली. आम्ही घरातलं सगळं पांघरूण एका खोलीत नेऊन, गॅसवर पाण्याची पातेली चढवून तीन रात्री काढल्या. (उघड्या गॅसवर खोली तापवणं किती धोक्याचं आहे ते मला माहीत होतं. तरीही केलं. तुमच्या मुलीने मात्र हे कधीही करू नये.) दक्षिण टेक्सासच्या खाड्यांचं पाणी इतकं गारठलं की हजारो समुद्री कासवं बधिर होऊन तरंगायला लागली. लोकांनी होड्या आणि पिकअप ट्रक भरभरून ती आणली आणि साउथ पाद्रे बेटावरच्या कन्व्हेन्शन सेंटरच्या फरशीवर ओळीने मांडून ठेवली. ते फोटो पाहून मी मनाशी पक्कं केलं: आखाताचा उत्तर काठ असा गोठलाय, मार्च शांत जाणार. एका ग्राहकाला तसं लेखी कळवलंही.

17 मार्चला ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने (देशभरातल्या तीव्र वादळांचे अंदाज देणारं सरकारी केंद्र) मिसिसिपी-अलाबामासाठी 'हाय रिस्क' दिला. पाच पायऱ्यांतली ती सगळ्यात वरची, कित्येक वर्षांत एकदाही दिली जात नाही. आठच दिवसांनी, 25 मार्चला, पुन्हा तीच पायरी आणि पुन्हा अलाबामा. त्या दिवशी अलाबामात माणसं गेली, आणि मध्यरात्र उलटल्यावर जॉर्जियातल्या न्यूनन गावातून ईएफ-4 टोर्नेडो गेला. ईएफ ही नुकसानीवरून ठरवलेली शून्य ते पाचची मोजपट्टी आहे, चार म्हणजे पक्की बांधलेली घरंही जमीनदोस्त. ग्राहकाने मला फक्त माझंच पत्र परत पाठवलं, वर एक ओळही न लिहिता.

चुकलं कुठे? मी कासवांच्या खाडीकडे बघत होतो. ती खाडी उथळ आणि आखाताच्या पार पश्चिमेच्या टोकाला. अलाबामाला हवा येते मध्य आणि पूर्व आखातावरून, आणि तिथलं खोल पाणी जसंच्या तसं होतं. शिवाय ला निन्याचा (विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार असण्याचा) हिवाळा होता. मार्चच्या मध्यापर्यंत ट्रफ (वरच्या हवेतला दक्षिणेकडे लोंबणारा कमी दाबाचा खळगा) पश्चिमेला रॉकी पर्वतांवर आणि उंच दाब आग्नेयेला अशी मांडणी झाली, आणि आखाताचं दार सताड उघडलं.

त्याहून बोचणारी गोष्ट नंतर लक्षात आली. ज्या लाटेने आमचे नळ फोडले, तिच्याच पुढच्या कडेवर, 15 फेब्रुवारीच्या रात्री बाराच्या सुमारास, नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ब्रन्सविक काउंटीत ईएफ-3 टोर्नेडो झाला आणि तीन जण गेले. डॅलसमध्ये उणे अंशांत हिमवर्षाव आणि त्याच प्रणालीच्या दुसऱ्या टोकाला अटलांटिकमधल्या उबदार गल्फ स्ट्रीम प्रवाहावरून आलेल्या दमट हवेत टोर्नेडो. म्हणजे 'थंडीची लाट आली की टोर्नेडो थांबतात' हे लाटेच्या आत बसलेल्या माणसापुरतंच खरं. तिच्या कडेवर राहणाऱ्याला ते लागू नाही.

बाई म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही, हेही सांगायला हवं. 2015 बघा. फेब्रुवारीत पूर्व अमेरिका गोठली होती, बॉस्टनमध्ये बर्फ टाकायला जागा उरली नव्हती. मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांत स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरला देशभरात एकही टोर्नेडो किंवा वादळी पावसाचा वॉच (सावध राहण्याची सूचना) काढावा लागला नाही. 1970 पासूनच्या नोंदींत असं कधीच झालं नव्हतं. आदल्या वर्षी, 2014 ला, पंचमहासरोवरांचा 92 टक्के भाग बर्फाखाली गेला होता आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत टोर्नेडोने एकही बळी घेतला नव्हता. कारण दोन्ही वर्षी मांडणी एकच: पश्चिम किनाऱ्यावर उंच दाब, पूर्वेला खोल ट्रफ आणि मधे सतत वायव्येचा वारा. फ्रंट एकामागून एक आखात पार करून कॅरिबियनपर्यंत जात होते आणि दोन फ्रंटच्या मधे परतीच्या वाऱ्याला पुरेसे दिवसच मिळत नव्हते. म्हणजे थंडीने टोर्नेडो रोखले असं म्हणण्यापेक्षा, ज्या मांडणीने थंडी आणली तिनेच दमट हवाही अडवली असं म्हणणं जास्त बरोबर.

आणि मांडणी बदलायला एक दिवस पुरतो. 2015 ला 25 मार्चला ओक्लाहोमातल्या मूर गावावर टोर्नेडो आला, तेच मूर, ज्याने 1999 आणि 2013 सोसलं होतं. त्याच संध्याकाळी टल्सालगतच्या सँड स्प्रिंग्जमध्ये एक जण गेला. 2014 ला 27 एप्रिलच्या एका संध्याकाळी आर्कान्सातल्या मेफ्लावर-विलोनियात सोळा जण गेले. तोवर वर्तमानपत्रांत 'टोर्नेडोचं शांत वर्ष' असे लेख येऊन गेले होते.

उलट बाजूची उदाहरणं तर ढिगाने. 2011 ला 10 फेब्रुवारीला ओक्लाहोमातल्या नोवाटाला उणे 35 अंश नोंदले गेले, त्या राज्याचा आजवरचा नीचांक. अडीच महिन्यांनी 27 एप्रिल उजाडला, एका दिवसात तीनशेहून जास्त मृत्यू, त्यातले बहुतांश अलाबामात. हंट्सव्हिलमध्ये जुन्या माणसांना विचारा. टेनेसी व्हॅलीच्या मुख्य वीजवाहिन्या आडव्या झाल्या, ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र बंद पडलं आणि उत्तर अलाबामात कित्येक दिवस वीज नव्हती. तुमच्या मुलीच्या घरमालकीणबाई तेव्हा तिथेच असतील तर त्यांना ते आठवत असणार, पण त्याआधीच्या फेब्रुवारीतली थंडी आठवत नसेल. माणसाची आठवण अशीच चालते, जुळलेलं तेवढं ठेवते. 1977 च्या जानेवारीत मायामीत बर्फाचे कण पडले होते, आणि त्याच वर्षी 4 एप्रिलला अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या स्मिथफील्डमध्ये एफ-5 ने (ईएफच्या आधीच्या मोजपट्टीवरची सगळ्यात वरची पायरी) बावीस बळी घेतले. अगदी अलीकडे, 21 जानेवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्समध्ये वीस सेंटिमीटर बर्फ पडला, आखाताच्या किनाऱ्यासाठी पहिल्यांदाच ब्लिझर्डचा (हिमवादळाचा) इशारा निघाला. पुढे 14 ते 16 मार्चला शंभराहून जास्त टोर्नेडो, आर्कान्सातल्या डियाझमध्ये ईएफ-4. जानेवारीतल्या बर्फाची आठवण आखाताने दोन महिने जपून ठेवलीच नव्हती.

मग मोसमाचा काहीच अंदाज देता येत नाही का? थोडा येतो, पण तो थंडीवरून नाही. कोलंबिया विद्यापीठात जॉन अ‍ॅलन, मायकेल टिपेट आणि अ‍ॅडम सोबेल यांनी 2015 मध्ये दाखवलं की ला निन्याच्या हिवाळ्यानंतर मार्च ते मे दक्षिणेत टोर्नेडो आणि गारपिटीकडे कल वाढतो, एल निन्योनंतर (तेच पाणी नेहमीपेक्षा उबदार असलं की) घटतो. पुढच्याच वर्षी मारिया मोलिना आणि सहकाऱ्यांनी आखाताच्या पाण्याच्या तापमानाचा असाच संबंध मांडला: पाणी सरासरीपेक्षा उबदार, तर वसंतात तीव्र वादळांना अनुकूलता जास्त. या दोन गोष्टी मी ग्राहकांना सांगतो. पण मी वर दिलेला 1977 चा हिवाळा एल निन्योचा होता, हेही लगेच सांगतो. सगळ्या मोसमाचं नाव दोन-तीन दिवसांवरून ठरतं, आणि ते दिवस महिना-दोन महिने आधी कुठल्याही तक्त्यात दिसत नाहीत. उबदार हिवाळ्याचं मात्र मी जरा जास्त ऐकतो. 2021 चा डिसेंबर अमेरिकेच्या तोवरच्या नोंदींतला सगळ्यात उबदार होता आणि त्याच डिसेंबरात, 10 तारखेच्या रात्री, केंटकीतलं मेफील्ड उद्ध्वस्त झालं. दूध आधीच पातेल्यात असेल, तर हिवाळ्यातला जेट बाकीचं काम करतोच.

आणखी एक खुलासा, कारण 'उशिरा मोसम' हा शब्द ओक्लाहोमा आणि अलाबामा दोघांसाठी सारखाच वापरला जातो. 2018 ला एप्रिल इतका थंड गेला की ओक्लाहोमात वर्षाचा पहिला टोर्नेडो 1 मे रोजी झाला, इतका उशीर पूर्वी कधीच झाला नव्हता. बातम्या आल्या: टोर्नेडोचा मोसम सुरूच झाला नाही. पण त्याच वर्षी 19 मार्चला, हंट्सव्हिलपासून गाडीने जेमतेम दोन तासांवर, अलाबामातल्या जॅक्सनव्हिलमध्ये ईएफ-3 ने तिथल्या विद्यापीठाच्या इमारतींची छपरं उडवली होती. सुदैवाने मुलं सुट्टीवर गेली होती. त्यामुळे तुमच्या मुलीने मैदानी राज्यांच्या बातम्यांवरून आपला अंदाज बांधू नये. तिच्या राज्याचा मोसम लवकर सुरू होतो, नोव्हेंबरात पुन्हा डोकं वर काढतो आणि तिथले टोर्नेडो रात्री, पावसाच्या आत लपून, डोंगरझाडीतून येतात. दुरून फिरणारं नरसाळं दिसेल आणि मग धावू, असं तिथे होत नाही.

तुम्ही पत्रात नाशिकच्या गारपिटीचा उल्लेख केला आहे, तोही अस्थानी नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिच्यातही हेच पात्र होतं: वरून दक्षिणेकडे उतरलेला पश्चिमी वाऱ्यांचा ट्रफ आणि खाली समुद्रावरून आत आलेला ओलावा. आपल्याकडेही कोणी 'यंदा थंडी फार, गारपीट होणार' म्हणालं, तर मी त्याला हेच विचारतो, खालचा वारा कुठला आहे? फक्त आपल्याकडे हिमालय उत्तरेची गार हवा अडवतो आणि अमेरिकेत कॅनडापासून आखातापर्यंत आडवा डोंगरच नाही. म्हणून तिथे उणे वीस आणि दमट दक्षिण वारा यांत चार दिवसांचंच अंतर राहू शकतं.

तर तुमच्या मुलीने काय बघावं. लाट गेल्यावर तीन-चार दिवस वारा सलग दक्षिण-आग्नेयेचा आहे का. फोनवरच्या हवामानात तापमानाखाली दवबिंदू दिसतो, तो तेरा-चौदाच्या पुढे गेला का (फॅरनहाइटमध्ये पंचावन्न). आणि सगळ्यात सोपी खूण: सूर्य मावळल्यावर तापमान उतरायच्या ऐवजी चढतंय का. फेब्रुवारीत रात्री नऊला बाहेर सकाळपेक्षा उबदार वाटायला लागलं, वारा अंगाला चिकटतोय आणि पश्चिमेला फ्रंट येतोय, तर त्या रात्री फोन सायलेंटवर ठेवून झोपू नये. उन्हाळ्यासारखी प्रचंड अस्थिरता लागत नाही. ती आम्ही किलो हवेमागे जूलमध्ये मोजतो. मे महिन्यात तीन-चार हजार जूलची वाट बघतो, हिवाळ्यात अलाबामाला पाचशे पुरतात.

स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा नकाशा रोज एकदा बघायची सवय लावून घ्यावी, चार ते आठ दिवस पुढचाही असतो. 'वॉच' म्हणजे पुढचे काही तास सावध राहा आणि कुठे जायचं ते ठरवून ठेवा, 'वॉर्निंग' म्हणजे आत्ता उठा. भोंगा घराबाहेर असलेल्यांसाठी असतो, खिडक्या लावून झोपलेल्याला तो ऐकू येईल यावर विसंबू नये. शंभर रुपयांत येणारी गोष्ट नाही, पण साधारण तीस डॉलरमध्ये हवामानाचा रेडिओ मिळतो, वॉर्निंग आली की आपोआप वाजतो. नेटवर्क गेलं तरी.

तिसरा मजला ही मात्र खरी अडचण आहे. तिथल्या अपार्टमेंट बहुतेक लाकडी सांगाड्याच्या असतात आणि वरचा मजला आधी जातो. जिन्याखालची उघडी जागा उपयोगाची नाही. तळमजल्यावरच्या घरातलं खिडकी नसलेलं बाथरूम किंवा आतलं कपाट हवं. पायात बूट, डोक्यावर सायकलचं हेल्मेट. पण रात्री दोन वाजता अनोळखी दार वाजवायला मुलं संकोचतात आणि वरच थांबतात, हे मी पाहिलं आहे. म्हणून तळमजल्यावर जे कोणी राहतात त्यांच्याशी तिने याच आठवड्यात ओळख करून घ्यावी आणि सरळ विचारून ठेवावं, वॉर्निंग आली तर मी खाली येऊ का? जाताना डब्यात काहीतरी घेऊन जाऊ दे. अलाबामात हे विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, बहुतेकदा तेच बाथरूम दाखवून ठेवतात.